रासायनिक समीकरणं संतुलित करणं : नववी-दहावीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’, सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न नव्या आवाजात येतात. काही मुलांचे, काही त्यांच्या आईबाबांचे. ते इथे एकत्र केले आहेत.

एक खुलासा आधीच. इथे सूत्रं वर्गात मोठ्याने वाचतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. वहीत आणि पेपरात मात्र नेहमीची रोमन चिन्हंच लिहायची. सूत्राच्या पुढचा आकडा ‘२’ असा पूर्ण उंचीचा आहे, सूत्राच्या आतला ‘₂’ असा खाली बसलेला. या दोघांची अदलाबदल झाली की पुढचं सगळं बिघडतं.

समीकरण संतुलित करायचंच कशाला? कशापासून काय झालं ते कळलं की पुरे नाही का?

कशापासून काय झालं ते कळतं, किती लागलं ते कळत नाही. स्वयंपाकघरातला सिलिंडर घ्या. त्यात १४.२ किलो गॅस असतो, प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळं ब्युटेनच आहे असं धरू:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

या आकड्यांवरून निघतं की सिलिंडर संपेपर्यंत हवेतला साधारण ५०.९ किलो ऑक्सिजन खर्च होतो. ४३.१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि वाफेच्या रूपात २२ किलो पाणी. १४.२ अधिक ५०.९ म्हणजे ६५.१. ४३.१ अधिक २२ म्हणजेही ६५.१. सिलिंडर रिकामा झाला, पण त्यातलं काहीही नाहीसं झालेलं नाही, ते खिडकीतून बाहेर गेलं.

आणि दोन रेणूंना तेरा ऑक्सिजन हा आकडा पाहिलात की शेगडीच्या बर्नरची भोकं बुजल्यावर पातेल्याचं बूड काळं का होतं तेही समजतं. पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन अर्धवट जळतो आणि काजळी होऊन भांड्याला बसतो.

खालचा आकडा बदलला तर झटकन जमतं. मग तो का बदलायचा नाही?

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो. दर वर्षी वर्गातला कोणीतरी हुशार हात वर करतो: “मॅडम, पाण्याच्या ओ खाली २ लिहिला की झालं!” झालं खरं, अणूंचा हिशेब अगदी चोख. पण एच₂ओ₂ हे पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते. तुम्ही समीकरण संतुलित केलं नाहीत, पदार्थच बदलून टाकलात.

खालचा आकडा पदार्थ *कोण* आहे ते सांगतो. पुढचा आकडा तो *किती* आहे ते सांगतो. आपल्या हातात फक्त ‘किती’ आहे. म्हणून:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

याच कारणाने सूत्राच्या मधे आकडा घुसवायचा नाही. पुढे ठेवलेला २ सूत्रातल्या प्रत्येक अणूला लागू होतो, २ एच₂ओ म्हणजे चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन.

अमोनियाच्या समीकरणात डावीकडे चार रेणू आणि उजवीकडे दोनच. मग ते संतुलित कसं?

एन₂ + ३ एच₂ → २ एनएच₃

ही शंका मला फार आवडते, कारण ती विचारणारा खरोखर समीकरणाकडे बघतोय. टिकतात ते अणू. रेणू मोडतात, नवे जुळतात, त्यांची संख्या सारखी राहिलीच पाहिजे असं काही नाही.

घरी करून बघा. रात्री भिजवलेले सहा हरभरे आणि दोन पांढरे वाटाणे घ्या, सोबत टूथपिक. दोन वाटाणे एका काडीला टोचा, तो नायट्रोजनचा रेणू. हरभऱ्यांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या, ते हायड्रोजनचे तीन रेणू. ताटात चार जोड्या झाल्या. आता सगळ्या काड्या काढा आणि एका वाटाण्याला तीन हरभरे असं पुन्हा टोचा. दोनच झुपके होतात, पण दाणे आठच्या आठ. एकही दाणा उरला नाही, एकही मागून आणावा लागला नाही. हरभरे नीट भिजलेले हवेत, नाहीतर काडी मोडते आणि हरभरा कॉटखाली जातो.

रायगड जिल्ह्यात थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. तिथे अमोनिया तयार होतो आणि त्यापासून शेतकऱ्याचा युरिया. त्याच्या मुळाशी हेच आठ दाण्यांचं समीकरण आहे.

मग ३ आणि १ म्हणजे तीन किलो हायड्रोजनला एक किलो नायट्रोजन का?

नाही. पुढचे आकडे नग मोजतात, वजन नाही. एक डझन लिंबं आणि एक डझन कलिंगडं दोन्ही डझनच, पण पिशवी वेगळी लागते. वजनात उतरवायचं तर अणुवस्तुमानं घ्यायची: २८ ग्रॅम नायट्रोजन, ६ ग्रॅम हायड्रोजन, होतो ३४ ग्रॅम अमोनिया. वायूंच्या आकारमानाला मात्र हे आकडे थेट लागू पडतात, तापमान आणि दाब सारखे असले तर. एक लीटर नायट्रोजनला तीन लीटर हायड्रोजन. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवलेला नियम तो हाच.

सुरुवात कोणत्या मूलद्रव्यापासून करायची?

दोन्ही बाजूंना एकेकाच संयुगात असलेल्या मूलद्रव्यापासून. सुटं मूलद्रव्य (ओ₂, एच₂, सीएल₂, एखादा धातू) शेवटी ठेवायचं, कारण त्याच्या पुढचा आकडा बदलला की बाकी कुणाचा हिशेब बिघडत नाही. मधे कुठे घातलंत तर पुन्हा पुन्हा खोडावं लागतं.

ब्युटेनच करून पाहू.

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बन डावीकडे चार, म्हणून ४ सीओ₂. हायड्रोजन दहा, म्हणून ५ एच₂ओ. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: आठ अधिक पाच, तेरा. डावीकडे तो जोडीनेच येतो, तेरा कसे आणणार? साडेसहा जोड्या. तात्पुरतं १३/२ लिहा आणि मग सगळ्या समीकरणाला दोनाने गुणा: २, १३, ८, १०.

ऑक्सिजन विषम आला की मुलं घाबरतात आणि सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात. पुसू नका. दुप्पट करा.

अपूर्णांक तसाच ठेवला तर?

गणिताच्या दृष्टीने चूक नाही. पुढे अकरावी-बारावीत उष्णतेची समीकरणं येतात तेव्हा पुस्तकातच १/२ ओ₂ दिसेल. पण दहावीच्या उत्तरात पूर्ण आकडेच लिहा, आणि तेही शक्य तितके लहान. ४ एच₂ + २ ओ₂ → ४ एच₂ओ यात अणू जुळतात, तरी दोनाने भाग जातो तो देऊन टाकायचा.

तासभर बसलो तरी आकडे जमत नाहीत. माझं गणित कच्चं आहे का?

बहुधा नाही. इथे बेरीज आणि दोन-तीनचे पाढे याहून जास्त गणित लागतच नाही. इतक्या वर्षांत वह्या तपासून माझं मत असं झालंय की न जमणाऱ्या समीकरणांत चूक आकड्यांत कमी आणि सूत्रांत जास्त असते. दहावीत अडलेल्या मुलाला मी संतुलनाचा सराव देतच नाही, संयुजांचा तक्ता देते. संयुजा म्हणजे एखादा अणू किंवा गट किती बंध जोडू शकतो तो आकडा.

न जमणं तरी बरं, कारण काहीतरी चुकलंय हे कळतं. चुकीच्या सूत्राने *जमून जाणं* जास्त वाईट. एकदा ॲल्युमिनिअम आणि सल्फ्युरिक आम्ल दिलं होतं. एका मुलीने दोन मिनिटांत वही पुढे केली:

एएल + एच₂एसओ₄ → एएलएसओ₄ + एच₂

“आकडेच लागले नाहीत मॅडम, आपोआप संतुलित!” मोजून पाहिलं. एक ॲल्युमिनिअम, दोन हायड्रोजन, एक गंधक, चार ऑक्सिजन, दोन्हीकडे तेवढेच. चेहरा उजळलेला, आणि मला सांगावं लागलं की असा पदार्थच नाही. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. संयुजा तिरक्या बदलून लिहिल्या की सूत्र येतं एएल₂(एसओ₄)₃. आता हिशेब मांडा:

२ एएल + ३ एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + ३ एच₂

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नावांतलं समीकरण, मग प्रत्येक सूत्र स्वतंत्रपणे तपासायचं, आणि सूत्रं पक्की झाली की त्यांना बोट लावायचं नाही. मग आकडे. मी मुलांना सूत्रं पेनाने आणि पुढचे आकडे पेन्सिलीने लिहायला लावते. खोडरबर फक्त पेन्सिलीवर चालतं, त्यामुळे मोहही होत नाही.

आणि सुटे असताना जोडीने राहणारे सात विसरू नका: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. नुसता ‘ओ’ किंवा नुसता ‘सीएल’ लिहिलात तर उत्तर चुकतंच.

कंसाबाहेरचा आकडा कसा मोजायचा?

कंसाबाहेरचा आकडा कंसातल्या सगळ्यांना. सीए(ओएच)₂ म्हणजे एक कॅल्शिअम, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. तेच ३ सीए(ओएच)₂ असेल तर तीन, सहा, सहा.

वेळ वाचवायची युक्ती: सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट असा एखादा गट दोन्ही बाजूंना न मोडता आला असेल तर त्याला एकच मणी समजून मोजा. गंधक वेगळा, ऑक्सिजन वेगळा करत बसू नका. पण गट मोडला असेल, म्हणजे नायट्रेटमधून तपकिरी वायू बाहेर पडत असेल, तर ही युक्ती लागू नाही. तिथे एकेक अणूच मोजायचा.

सोडिअम ‘एनए’, लोखंड ‘एफई’, पोटॅशिअम ‘के’. हे कुठून आलं?

लॅटिन नावांवरून: नेट्रिअम, फेरम, कॅलिअम. मूलद्रव्यांना अक्षरं देण्याची आजची पद्धत स्वीडनचे रसायनतज्ज्ञ बर्झेलिअस यांनी १८१३-१४ च्या सुमारास मांडली. तक्रार रास्त आहे, पण पाठ करण्यावाचून इलाज नाही.

लहान-मोठ्या अक्षराची काळजी मात्र घ्या. सी मोठा, ओ मोठा असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड. ओ लहान काढलात की कोबाल्ट धातू झाला.

कधी कधी एकही आकडा लागत नाही. काहीतरी राहून गेलं असं वाटतं.

राहून गेलेलं नाही. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते:

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीएसीओ₃ + एच₂ओ

मोजा, जमलेलं आहे. कळीच्या चुन्यात पाणी घातल्यावर होणारी अभिक्रियाही तशीच, एकास एक. अशा वेळी उगाच आकडे घालू नका, ‘१’ सुद्धा नको. फक्त सूत्रं बरोबर आहेत ना ते पुन्हा पाहा. ॲल्युमिनिअम सल्फेटची गोष्ट आठवत असेलच.

सगळे प्रयत्न करून थकल्यावर हमखास चालणारी पद्धत आहे का?

आहे, बीजगणिताची. आकड्यांच्या जागी अक्षरं मांडायची. परमँगनेटचं प्रसिद्ध समीकरण घेऊ:

क केएमएनओ₄ + ख एचसीएल → ग केसीएल + घ एमएनसीएल₂ + च एच₂ओ + छ सीएल₂

क = १ धरा. पोटॅशिअम एक, म्हणून ग = १. मँगनीज एक, म्हणून घ = १. ऑक्सिजन चार, म्हणून च = ४. चार पाण्यांत आठ हायड्रोजन, म्हणून ख = ८. क्लोरीन डावीकडे आठ, उजवीकडे एक अधिक दोन अधिक २छ, म्हणून छ = ५/२. सगळं दुप्पट:

२ केएमएनओ₄ + १६ एचसीएल → २ केसीएल + २ एमएनसीएल₂ + ८ एच₂ओ + ५ सीएल₂

अंदाजाने १६ पर्यंत पोहोचायला किती खोडाखोड झाली असती! साध्या समीकरणांना मात्र ही पद्धत म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानात जायला रेल्वेचं तिकीट काढण्यासारखं.

अणू जुळले म्हणजे अभिक्रिया खरंच होते का?

नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सीयू + २ एचसीएल → सीयूसीएल₂ + एच₂

कागदावर निर्दोष. पण तांब्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका आणि हायड्रोजनच्या बुडबुड्यांची वाट पाहत बसा, येणार नाहीत. क्रियाशीलतेच्या श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली आहे. समीकरणाला ते माहीत नसतं.

याहून मजेशीर उदाहरण ज्यांना वरच्या वर्गाचं चालेल त्यांच्यासाठी. आम्लयुक्त परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड:

२ केएमएनओ₄ + ३ एच₂एसओ₄ + ५ एच₂ओ₂ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ८ एच₂ओ + ५ ओ₂

हे बरोबर आहे. आता त्यातच पेरॉक्साइड ७, पाणी १० आणि ऑक्सिजन ६ करून अणू मोजा. तेही जुळतात! कारण पेरॉक्साइड स्वतंत्रपणेही मोडतं (२ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂) आणि ते समीकरण कितीही वेळा यात मिसळता येतं. खरं कोणतं ते इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवरून ठरतं. परमँगनेटचे दोन रेणू दहा इलेक्ट्रॉन घेतात, पेरॉक्साइडचा एक रेणू दोन देतो, म्हणून पाच.

तांबं आणि नायट्रिक आम्ल: एका पुस्तकात ३ आणि ८, दुसरीकडे १ आणि ४. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आम्ल सौम्य आहे की संहत ते पाहा.

सौम्य: ३ सीयू + ८ एचएनओ₃ → ३ सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ + ४ एच₂ओ

संहत: सीयू + ४ एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ₂ + २ एच₂ओ

उत्पादितंच वेगळी आहेत. म्हणून प्रश्नातला ‘सौम्य’ हा शब्द अधोरेखित करायची सवय लावा.

बाणाच्या वरचं आणि कंसातलं लिहिलंच पाहिजे का?

प्रश्नात अवस्था विचारल्या असतील तर स्थायू, द्रव, वायू, जलीय यांची चिन्हं लिहा. उष्णता, उत्प्रेरक, दाब हे बाणावर. उत्प्रेरक अणूंच्या मोजणीत धरायचा नाही, तो आला तसा जातो.

मी वाणिज्य शाखेची. मुलाला हे घरी कसं शिकवू?

ताई, तुम्हाला तर सोपं आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. प्रत्येक मूलद्रव्याला एक खातं. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे आणि मधे कुठे पैसे ‘हरवले’ चालत नाही. ही कल्पना फ्रान्सच्या लव्हाझिए यांनी रूढ केली. तराजू घेऊन बसणारा हा माणूस पोटापाण्यासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता आणि त्यापायीच १७९४ मध्ये त्याला गिलोटिनवर जावं लागलं. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात द्राक्षाच्या रसाचं मद्य होतं तेव्हा दोन्ही बाजूंचं वजन सारखंच भरलं पाहिजे, असं त्याने समीकरणाच्या रूपात मांडलं. त्याच ग्रंथातला द्रव्य अक्षय्यतेचा नियम मुलाच्या नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात आहे. तिथून सुरुवात करा.

फक्त एक करू नका. मूल आकडे मांडत असताना “अरे तिथे तीन येईल” असं म्हणू नका. त्याला मोजू द्या.

सरावासाठी काही द्या ना, उत्तरांसकट.

ही घ्या:

झेडएन + एचसीएल → झेडएनसीएल₂ + एच₂

एमजी + एन₂ → एमजी₃एन₂

एफई + एच₂ओ → एफई₃ओ₄ + एच₂

पीबी(एनओ₃)₂ → पीबीओ + एनओ₂ + ओ₂

सीए(ओएच)₂ + एच₃पीओ₄ → सीए₃(पीओ₄)₂ + एच₂ओ

एनए + सीएल₂ → एनएसीएल₂

एफईएस₂ + ओ₂ → एफई₂ओ₃ + एसओ₂

यातल्या एका समीकरणात सूत्रच चुकीचं दिलंय, तरी अणू जुळतात. ते आधी शोधा आणि दुरुस्त करा. उत्तरं दिलेली नाहीत. प्रत्येक सूत्र संयुजेवरून तपासा, मग दोन्ही बाजूंचे अणू मोजा. जुळले असतील तर मला विचारायची गरज नाही.